दारावरचे देव, दारातले देव

गेल्या मे महिन्यात विजयदुर्गाच्या जिभीच्या दरवाज्यापाशी पुण्याहून आलेले एक कुटुंब भेटले. आठ-नऊ वर्षांचा त्यांचा मुलगा मान वर करून दरवाज्याकडे बराच वेळ पाहत होता. शेवटी त्याने मला विचारले, “काका, ह्या दरवाज्यावर बाप्पा का नाहीये? शनिवारवाड्याला तर आहे.” तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवल्यामुळे मुलांच्या प्रश्नाला ताबडतोब उत्तर देण्याची वाईट सवय मला लागली आहे. मी म्हणालो, “बाळा, हा लढाईचा किल्ला. तो राहायचा वाडा.” मुलाचे समाधान झाले. माझे झाले नाही.

कारण शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजाही काही सौम्य नाही. त्याच्या फळ्यांवर हत्तीच्या मस्तकाला भिडतील असे खिळे आहेत. आणि त्या मुलाने पाहिलेला बाप्पा दरवाज्यावर नाहीच. तो दरवाज्याच्या आत, भिंतीवर चितारलेला आहे. किल्ल्याला देव नको आणि वाड्याला हवा, एवढ्यावर हा विषय संपत नाही. प्रवेशद्वारावर देव असतो तेव्हा तो नेमका कुठे असतो, बाहेर की आत, कपाळपट्टीवर की भिंतीवर, कोरलेला की रंगवलेला, आणि त्या जागेचा काही नियम आहे का, हे शोधण्यात मागचे काही महिने गेले. जे हाती लागले ते या लेखात मांडतो आहे. सुरुवात घरापासून, म्हणजे विजयदुर्गापासूनच करतो.

न दिसणारा दरवाजा

विजयदुर्गाचे जुने नाव घेरिया. शेजारच्या गिर्ये गावावरून ते पडले. वाघोटन खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंनी पाणी असलेल्या भूशिरावर हा किल्ला उभा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापर्यंत, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, त्याची परंपरा मागे नेली जाते. १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशहाकडून घेतला. पुढे तो आंग्र्यांचे बलस्थान झाला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांच्या हातून तो जिंकला आणि त्याच वर्षी तो पेशव्यांकडे आला. त्यानंतर पेशव्यांच्या आरमाराची सूत्रे इथून धुळपांनी हलवली. आनंदराव धुळपांनी एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले, ते याच आरमाराच्या बळावर.

अशा किल्ल्याचा दरवाजा पाहायला निघालेला माणूस थोडा निराश होतो. कारण दरवाजा समोरून दिसतच नाही. मुख्य तटाच्या पुढे जिभेसारखी आडवी भिंत काढलेली असते, तिला जिभी म्हणतात. तिच्यामागे दरवाजा झाकला जातो. वाट सरळ आत न जाता वळण घेते आणि वळणावर येणाऱ्याची बाजू तटावरच्या माणसाच्या माऱ्यात येते. सिंधुदुर्ग किल्ल्याचेही तसेच. होडीतून उतरून तटाच्या अगदी जवळ गेल्याशिवाय दरवाजा कुठे आहे ते कळत नाही.

आता सजावटीला बघणारा लागतो, आणि बघणाऱ्याला उभे राहायला वेळ लागतो. जिभीच्या वळणावर परक्याला क्षणभरही उभे राहू द्यायचे नाही, हाच त्या बांधणीचा हेतू. मग तिथे शिल्पकाराने कोणासाठी आणि कशाला कोरीव काम करायचे? विजयदुर्गाच्या दरवाज्यांवर देवदेवतांची गर्दी नाही, याचे पहिले कारण मला हे दिसते.

पण देव तिथे अजिबात नाही असेही नाही. दरवाज्याच्या वाटेवर मारुती आहे. सिंधुदुर्गाच्या दरवाज्यातून आत शिरताच लहानसे मारुतीचे देऊळ आहे. मराठी मुलखातल्या किल्ल्यांवर फिरलेल्या माणसाला हे नवीन नाही. दरवाजा आला की आसपास मारुती असायचाच. तो शत्रूला दिसावा म्हणून बसवलेला नाही. रात्रभर पहारा करणारा शिपाई पाळी बदलताना जिथे हात जोडतो, तिथे तो आहे.

दिल्ली दरवाज्याच्या आत

आता पुण्याला जाऊ. शनिवारवाड्याची पायाभरणी पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत झाली. या पहिल्या बांधकामाला १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. भोवतीचा कोट आणि दरवाजे यांचे काम पुढे नानासाहेबांच्या काळात पुरे झाले. वाड्याला एकूण पाच दरवाजे: दिल्ली, गणेश, मस्तानी, जांभूळ आणि खिडकी. त्यांतला उत्तरेकडे तोंड असलेला दिल्ली दरवाजा हा मुख्य. त्याच्या उत्तराभिमुख असण्यावरून शाहू महाराजांची नाराजी झाल्याची कथा पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कथा म्हणून ती ठेवू. पण दरवाज्याचे तोंड कोणाकडे आहे याचा अर्थ त्या काळी लोक काढत असत, एवढे तिच्यातून नक्की कळते.

या दरवाज्याच्या प्रत्येक फळीवर आठ गुणिले नऊ असे बहात्तर खिळे आहेत. उजव्या फळीत माणसापुरता लहान दिंडी दरवाजा आहे, कारण मोठी फळी रोज उघडायची नसते. वर नगारखाना. आत शिरले की वाट सरळ वाड्याकडे जात नाही, वळण घेते. म्हणजे विजयदुर्गाच्या जिभीत जी युक्ती आहे तीच इथे कमानीच्या आत घेतली आहे. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. आणि इथे, या आतल्या भागात, भिंतींवर चित्रांचे अवशेष आहेत. त्यांत गणपती आहे आणि शेषशायी विष्णू आहे.

बाहेरचे खिळे प्रत्येक पर्यटक मोबाइलमध्ये टिपतो. आतली चित्रे फिकट झाली आहेत, जागा अंधारी आहे आणि लोकांना पुढचे कारंजे बघायची घाई असते. म्हणून बहुतेक जण त्या चित्रांना खेटून निघून जातात. ज्या मुलाने मला प्रश्न विचारला त्याने ती पाहिली होती, याचे मला आजही नवल वाटते.

अठराव्या शतकातला एखादा माणूस या जागी कसा येत असेल, याचा विचार करा. वकील असेल, सावकार असेल, फिर्याद घेऊन आलेला खेड्यातला पाटील असेल. दिंडी दरवाज्यातून तो वाकून आत येतो. देवडीवर त्याला थांबवतात. नाव-गाव विचारतात, वर्दी आत जाते. परवानगी येईपर्यंत त्याला तिथेच ताटकळावे लागते, कधी घटकाभर, कधी अर्धा दिवस. या वेळात त्याच्या डोळ्यांपुढे काय असते? समोरच्या भिंतीवर गणपती असतो, आणि शेषावर शांत पहुडलेला विष्णू असतो.

चित्रे जिथे माणसाला थांबावे लागते तिथे आहेत. बाहेरच्या अंगाला, जिथे त्याने थांबू नये अशी इच्छा आहे, तिथे खिळे आहेत. मला वाटते नियम हाच आहे: येणारा जिथे थांबतो तिथे देव येतो. हे सूत्र घेऊन इतर दरवाज्यांकडे पाहिले तेव्हा बऱ्याच गोष्टी जागेवर बसू लागल्या.

चौकट, कपाळपट्टी, उंबरठा

हा नियम पेशव्यांनी शोधलेला नाही. तो देवळाच्या दाराकडून वाड्याच्या दाराकडे आला आहे. आपल्या जुन्या दगडी देवळांच्या गाभाऱ्याचे दार आठवून पाहा. दोन्ही बाजूंना द्वारपाल, हातात शस्त्र घेतलेले. खाली उंबरठ्यावर कीर्तिमुख. वर चौकटीच्या आडव्या पट्टीच्या मधोमध लहानशी मूर्ती, तिला ललाटबिंब म्हणतात. आपल्याकडे ती बहुधा गणपतीची असते. आणि खरा देव आत, अंधारात. भक्त उंबरठ्याशी थांबतो, वाकतो, मग नजर वर जाते ती ललाटबिंबावर. राखणारे बाजूला, विघ्न दूर करणारा माथ्यावर, आणि ज्याच्याकडे जायचे तो आत, अशी ही मांडणी आहे.

वाड्याच्या दाराने ही मांडणी जशीच्या तशी उचलली. ललाटबिंबाची झाली गणेशपट्टी. द्वारपालांच्या जागी देवडीवरचे जिवंत शिपाई आले. आणि दार मुद्दाम ठेंगणे ठेवले, म्हणजे पाहुण्याला वाकल्यावाचून आत येता येणार नाही.

किल्ल्याच्या दरवाज्यावर मात्र द्वारपालाचे काम बहुधा पशू करतो. शरभ हा काल्पनिक प्राणी त्यासाठी फार आवडता. आमच्याच किनाऱ्यावर, उत्तरेकडे मुरूडला जंजिऱ्याच्या मुख्य दरवाज्यावर असा पशू आहे, त्याने हत्तींना पंजात धरले आहे. जंजिरा सिद्दींचा. म्हणजे राखण करणाऱ्या पशूला धर्म नाही. हिंदू सत्ताधीश असो की मुसलमान, बाहेरच्या भिंतीवरची भाषा एकच होती: मी बलवान आहे, जपून ये. धर्म, पंथ, कुळाचा देव हे सगळे आत गेल्यावर सुरू होते.

रायगडाच्या महादरवाज्याचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. प्रचंड बुरुजांच्या कुशीत लपलेल्या त्या दरवाज्याच्या बाहेरच्या अंगावर, वरच्या बाजूस, दोन कमळे कोरली आहेत. आत श्री आणि सरस्वती नांदतात, असा त्यांचा अर्थ सांगितला जातो. देवता प्रत्यक्ष दाखवलेल्या नाहीत, त्यांची खूण तेवढी बाहेर ठेवली आहे. दमछाक करून चढून आलेल्या माणसाला ती लांबून दिसते. त्यासाठी त्याने थांबायची गरज नाही.

पन्हाळ्याचा तीन दरवाजा माझ्या सूत्राच्या विरोधात जाईल असे आधी वाटले. तो आदिलशाही काळातला आहे, त्यावर फारसी लेख आहे, नक्षीकाम देखणे आहे, आणि तरी बाहेरच्या कमानीच्या पट्टीवर लहानसा गणपती आहे. बाहेरच्या अंगाला देव कसा? पण तो मराठ्यांनी नंतर बसवलेला आहे. घर विकत घेतल्यावर नवा मालक दारावर आपल्या नावाची पाटी लावतो, तसा तो आहे. शिवाय तो कुठेही बसवला नाही. ठरलेल्या जागी, कपाळपट्टीवरच बसवला. जुनी नक्षी आणि लेख तसेच राहिले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

हे सूत्र घासून पाहण्यासाठी एक लांबचे उदाहरणही घेतो. नेपाळमध्ये भक्तपूरच्या राजवाड्याला ‘सुन ढोका’, म्हणजे सोन्याचा दरवाजा आहे. राजा रणजित मल्ल याने तो १७५३ मध्ये उभारला, म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्याच काळात. तिथे देव आत लपलेले नाहीत. तांब्याच्या पत्र्यावर उठावाचे काम करून, सोन्याचा मुलामा देऊन, तळेजू भवानी थेट तोरणावर विराजमान केली आहे आणि तिच्या माथ्यावर गरुड आहे. शनिवारवाड्याच्या अगदी उलट! पण हा दरवाजा तळेजूच्या देवळाकडे जातो आणि त्या देवळात सर्वांना प्रवेश नाही. बहुसंख्य माणसांची वाट त्या दारातच संपते. त्यांनी थांबायची जागा दाराबाहेर आहे, म्हणून देवीही दाराबाहेर आली आहे.

दगड, लाकूड, चुना

नियम एक असला तरी दरवाजे एकसारखे का दिसत नाहीत, याचे उत्तर हातात असलेल्या सामानात आहे.

घाटावर काळा कातळ आहे, म्हणजे बेसाल्ट. तो कठीण. त्यावर उथळ, ठळक काम चांगले होते: कमळ, पशू, पट्ट्या. आमच्याकडे कोकणात जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेवर घट्ट होतो, चिरे उत्तम पडतात. पण अंगात सच्छिद्र असल्यामुळे त्यावर नाक-डोळे कोरता येत नाहीत. कोरायला जावे तर खडा निखळतो. म्हणून कोकणातल्या कारागिराने देव दगडात न काढता लाकडात आणि गिलाव्यावर काढला. सागवान आणि फणस ही त्याची लाकडे. समुद्रातल्या शिंपल्या भाजून केलेला चुना हा त्याचा कागद.

याचा पुरावा पाहायचा तर गिर्ये येथील रामेश्वराच्या देवळात जावे. देवळाकडे उतरणारी वाट कातळ फोडून काढली आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या उंच भिंती आणि मधून उतार, असे हे द्वारच आहे म्हणा. त्यावर एकही मूर्ती नाही, आणि तरी त्या वाटेने उतरताना माणूस आपोआप गप्प होतो. आत पोचल्यावर लाकडी खांबांवरचे कोरीव काम आणि भिंतींवरची पौराणिक चित्रे भेटतात. दाराशी टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज जहाजावरची आहे. लढाईत मिळालेली घंटा देवाच्या दारात बांधायची मराठ्यांची रीत होती; वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटाही पोर्तुगीजच आहे. परक्या जहाजावर पाळी बदलल्याची वर्दी देणारी वस्तू आपल्या देवाला भक्त आल्याची वर्दी देऊ लागली.

विजयदुर्ग गावातल्या धुळपांच्या वाड्यातही पौराणिक विषयांची भित्तिचित्रे आहेत. ते राहते, खाजगी घर आहे. म्हणून त्याचे जास्त वर्णन करत नाही. पण ज्या आरमाराच्या किल्ल्याचा दरवाजा कोरा आहे, त्या आरमाराच्या सरदाराचे घर चित्रांनी सजलेले होते, एवढे या लेखापुरते पुरे आहे. माणसे तीच होती. बाहेरच्या दारावर काय हवे आणि आतल्या भिंतीवर काय हवे, याचा विवेक त्यांना होता.

मराठा काळातली अशी चित्रे बहुतांशी वाळलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर, डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली असतात. रंग भिंतीत मुरत नाही, पृष्ठभागावर बसतो. त्यामुळे काम बारीक करता येते, पण ओल आली की पापुद्रे सुटतात. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकडी दिवाणखाने, महाल, सारे जळून गेले. उरले ते कोट, बुरूज आणि दरवाजे. राजवाडा गेला आणि दारातली चित्रे मागे राहिली, हा योगायोग विलक्षण आहे. पेशव्यांच्या त्या वाड्याच्या भिंती कशा रंगवल्या होत्या, याची कल्पना करायला आज तेवढाच आधार उरला आहे.

राखणदार आणि देव

हे सगळे जुळवत असताना मला माझ्या आतेचे बोलणे आठवले. लहानपणी मी तिला विचारले होते की गावाच्या शिवेवरच्या दगडाला आपण नारळ देतो, मग त्याला देवळात का नेत नाही? ती म्हणाली होती, “भायर राखणदार आसता, देव घरात आसता. राखणदाराक घरात घेतलो तर शीव कोण राखतलो?”

कोकणातल्या कुठल्याही गावाची मांडणी पाहा. शिवेवर राखणदार. त्याला वर्षातून एकदा राखण द्यायची. मध्यावर ग्रामदेवता, रवळनाथ असो की सातेरी. घराच्या दारात तुळस. कपाळपट्टीवर गणपती. आणि अगदी आत देव्हारा. शीव, अंगण, उंबरठा, देवघर, असे एकात एक बसवलेले थांबे आहेत आणि प्रत्येक थांब्याला त्याचा त्याचा देव आहे. विजयदुर्गाच्या वाटेवरचा मारुती, जंजिऱ्याचा शरभ, रायगडाची कमळे, वाड्याची गणेशपट्टी आणि देवडीच्या भिंतीवरचा शेषशायी, हे सगळे याच एका आराखड्यातले आहेत. आतेने तो एका वाक्यात सांगितला होता. मला कळायला पन्नास वर्षे लागली.

शेषशायीबद्दल मात्र थोडे अधिक सांगायला हवे. पहाऱ्याच्या जागी झोपलेला देव का काढला असेल? मला याचे उत्तर असे सुचते. विष्णूची ती निद्रा निश्चिंततेची आहे. त्याच्या डोक्यावर शेषाचा फणा आहे, पायाशी लक्ष्मी आहे, आणि जग नीट चालले आहे. ज्याच्या दारावर पहारा जागा आहे त्याच धन्याला असे झोपता येते. देवडीवर ताटकळणाऱ्या माणसाला ते चित्र न बोलता सांगत असेल की या घरात घाई नाही आणि भीतीही नाही. समुद्राकाठच्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तो देव पाण्यावर निजला आहे. विजयदुर्गाच्या तटावरून पावसाळ्यातला समुद्र ज्याने पाहिला आहे, त्याला पाण्यावर शांत झोपणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आमची चौकट

आता कबुलीची वेळ आली. २००४ साली आमचे गिर्ये येथील जुने घर आम्ही पाडले. कौले गळत होती, वाळवी लागली होती आणि भावंडांत बांधकामाच्या खर्चावरून आधीच बरीच बोलाचाली झाली होती. पुढच्या दाराची चौकट फणसाची होती. गणेशपट्टीवर वीतभर उंचीचा गणपती, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी. जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला, त्याने चौकट आणि चार खांब मिळून एक रक्कम सांगितली. होकार देणारा मी होतो. चित्रकला शिकवणारा घरातला एकमेव माणूसही मीच होतो. बहिणीने तेव्हा विचारले होते, “दादा, गणपती तरी ठेवून घेऊया ना?” मी म्हटले, “नव्या दाराला बसणार नाही तो.”

हा लेख लिहिताना बहिणीच्या लग्नातला, १९७८ सालचा एक फोटो शोधून काढला. त्यात ती दारात उभी आहे आणि तिच्या माथ्यावर ती पट्टी आहे. भिंग घेऊन पाहिले. गणपतीचे पोट आणि सोंड काळपट, गुळगुळीत झाली आहेत. कुंकू आणि तेल लागून लागून कडा बोथट झाल्या आहेत. पट्टीची खालची कडा मधोमध झिजलेली आहे. आत येणारा माणूस वाकताना टेकवायला तिथेच हात नेत असे. आजोबा तसा हात नेताना मला आजही दिसतात. नवे दार सात फुटी आहे. त्यातून येताना कोणी वाकत नाही, कोणी थांबत नाही. मी विकला तो लाकडाचा तुकडा नव्हता असे म्हणणार नाही, तो लाकडाचा तुकडाच होता. पण आमच्या घरात माणसे कशी येत होती याची नोंद त्याच्यावर झिजेने लिहिली गेली होती, आणि ती वाचायच्या आधी मी तो देऊन टाकला.

म्हणून दारावरच्या देवांकडे केवळ सजावट म्हणून पाहू नये, असे मला आता कळकळीने वाटते. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत विजयदुर्ग आहे, सिंधुदुर्ग आहे, सुवर्णदुर्गही आहे. आमच्या गावात त्या दिवशी पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. तटाचा दगड आता सांभाळला जाईल, जायलाच हवा. पण किल्ल्याच्या सावलीत राहिलेल्या वाड्यांचे, देवळांचे आणि साध्या घरांचे दरवाजे कोणत्याही यादीत नाहीत. बाहेरचा राखणदार वारसा ठरला आणि आतला देव भंगारात किंवा ऑइलपेंटखाली गेला, असे होऊ नये.

ऑइलपेंटचे मुद्दाम लिहितो, कारण तो श्रद्धेने लावला जातो. जत्रेच्या आधी देऊळ उजळायचे म्हणून जुन्या चित्रांवर, कोरीव पट्ट्यांवर चकचकीत रंगाचा हात फिरवतात. चुन्याची आणि जांभ्याची भिंत श्वास घेते. पावसाळ्यात ओल आत जाते, उन्हाळ्यात बाहेर पडते. ऑइलपेंटने तिची वाट बंद होते. मग खाऱ्या हवेतले क्षार आत साठतात आणि दोन-चार पावसाळ्यांत नवा रंग जुन्या चित्राला सोबत घेऊनच खाली येतो. भिंत उजळायचीच असेल तर चित्र नसलेल्या भागाला चुना द्यावा. चित्राला हात लावू नये. लाकडी पट्टीवरचा जुना रंग खरवडू नये. आणि काहीही पाडण्यापूर्वी, विकण्यापूर्वी समोरून, बाजूने आणि जवळून फोटो काढावेत, उंची-रुंदी मोजून वहीत लिहावी, ती वस्तू दाराच्या कोणत्या भागी होती तेही लिहावे. जागा कळली नाही तर अर्थ अर्धा जातो. याला पैसा लागत नाही. एका दुपारचे काम आहे, आणि मी ते केले नाही.

या दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे कारीट फोडून झाल्यावर दारात रांगोळी घातली जाईल, उंबरठ्याला हळदीकुंकू लागेल, चौकटीला तोरण चढेल. ज्यांच्या घरी जुनी चौकट अजून आहे त्यांनी त्या वेळी मान वर करून एकदा कपाळपट्टीकडे पाहावे. कुठे झिजली आहे, कुठे तेल मुरले आहे, कोणाच्या हाताच्या उंचीवर आहे, ते बघावे. पुण्याचा तो मुलगा पुन्हा विजयदुर्गाला आला तर मी त्याला आधी जिभीच्या वळणावर नेईन आणि सांगेन, इथे थांबू नकोस, चालत राहा. मग मारुतीपाशी नेईन आणि म्हणेन, आता थांब. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याला पायांनीच कळेल.